मोठ्या सरांचं जाकीट

मोठे सर बोलत नसत. म्हणजे मुके नव्हते. मैदानावर त्यांची शिट्टी होती, घरात खाकरणं होतं, आणि राग आला की दार लावायची त्यांची एक खास पद्धत होती. एवढ्या भांडवलावर त्यांनी शाळेच्या फुटबॉल संघाला दोन पिढ्या खेळवलं आणि घरही चालवलं. सामन्यात कोण खेळणार हे त्यांनी कधी तोंडानं सांगितलं नाही. सामन्याच्या सकाळी ते जर्सींचा गठ्ठा काखेत मारून मैदानाच्या कडेला उभे राहायचे आणि एकेक जर्सी ज्याची त्याच्या अंगावर फेकायचे. अंगावर पडली तो आत, नाही पडली तो बाहेर. बाहेर राहिलेल्यानं का म्हणून विचारायचं नाही आणि आत गेलेल्यानं दात काढायचे नाहीत.

हा गठ्ठा बांधायचं काम सुनेकडे होतं. ती घरातच शिवणकाम करायची. आदल्या संध्याकाळी सर धुऊन वाळलेल्या जर्सी स्वतः घड्या घालून तिच्या मशीनवर आणून ठेवत. नंबर वर दिसत असेल तो पोरगा खेळणार, नंबर खाली दाबलेला असेल तो बाकावर. तिनं कुठे उसवलं-फाटलं बघून टाके घालायचे, गठ्ठा बांधायचा आणि गप्प बसायचं. मुलं तिला जर्सीकाकू म्हणत. सामन्याच्या आदल्या दिवशी काही ना काही निमित्त काढून खिडकीशी यायची. "काकू, पाणी आणून देऊ का? काकू, तुमच्या मशीनला तेल घालू का?" एरवी तीच मुलं हाक मारली तरी ऐकत नसत. ती हसायची, पाणी भरून घ्यायची, मशीनला तेलसुद्धा घालून घ्यायची, पण एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून एक नंबर फुटला नव्हता. याचा तिला अभिमान होता. घरात दुसरं अभिमान बाळगण्यासारखं तिच्या वाट्याला फारसं आलं नव्हतं.

घर म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचा आडोसा. शाळेच्या मुख्य प्रशिक्षकानं राहायच्या खोल्या त्या. गोलची जाळी दारापासून चार हातांवर. चुकलेला प्रत्येक फटका स्वयंपाकघराच्या भिंतीवर धाडकन यायचा आणि मांडणीवरची भांडी थरथरायची. नवी नवरी म्हणून आली तेव्हा ती दचकायची. आता चेंडू आदळला नाही तर दचकायची.

त्या वर्षी मात्र सगळंच गप्प झालं होतं. पाऊस फिरकलाच नव्हता. मैदानाकडेची विहीर तळाला गेली, गवत जळालं, आणि जमिनीला अशा भेगा पडल्या की त्यांत हात जाईल. ऐन सामन्यात संघाच्या सगळ्यात चपळ पोराचा पाय भेगेत गेला आणि घोट्यात मोडला. त्याचं ओरडणं सुनेला भांडी घासताना ऐकू आलं होतं. त्यानंतर संघ जो घसरला तो वर आलाच नाही. शाळेच्या लोकांना निमित्तच हवं होतं. मोठ्या सरांचं वयही उलटून गेलेलं. निरोपाचा कार्यक्रम झाला, भाषणं झाली, भिंतीवर लावायचं एक घड्याळ मिळालं. सर भाषणाला उभे राहिले, खाकरले आणि खाली बसले. लोकांना वाटलं गहिवरून आलं. सुनेला वाटलं, नेहमीसारखंच.

मग नव्या मुख्य प्रशिक्षकाची जाहिरात निघाली.

सुनेचा नवरा त्याच शाळेत सहायक प्रशिक्षक होता. त्याला सगळे धाकटे सर म्हणत. मुलं पाठीमागे आणि कधी कधी तोंडावरही नुसतं 'धाकटे' म्हणत. चेंडूत हवा भरणं, चुन्याची फक्की मारून रेघा ओढणं, कुणाचं नाक फुटलं तर डोकं मागे धरून बसणं, हरलेल्या पोरांना घरी पोचवणं ही सगळी कामं त्याची. शिट्टी बापाची. माणूस लोण्यासारखा मऊ आणि तेवढाच हातातून निसटणारा. अर्ज करायला लावता लावता सुनेच्या नाकी नऊ आले.

"बाबांना विचारायला पाहिजे आधी," तो म्हणायचा.

"विचारा मग."

"ते स्वतःच म्हणतील की काहीतरी."

"तुमच्या जन्मात म्हणालेत का ते काही?"

यावर तो हसायचा. शेवटच्या दिवशी तिनं अक्षरशः हाताला धरून त्याला शाळेच्या कचेरीपर्यंत नेलं. बापाला त्यानं सांगितलं नाही ते नाहीच. आपल्याला जे वाटतंय ते बाबांनाही वाटतंय, फक्त त्यांनी ते बोलायचं आहे, अशी त्याची समजूत. सुनेलाही मनातून तसंच वाटत होतं. बापानंतर मुलगा, यात बोलण्यासारखं आहे काय? तिला एकच हवं होतं. एकदा तरी लोकांनी तिच्या नवऱ्याला पुढेमागे काही न लावता नुसतं 'सर' म्हणावं.

मुलाखतीच्या आदल्या पहाटे बापलेक मैदानावर भेगा बुजवत होते. मुलाखतीनंतर संध्याकाळी उमेदवारांना पोरांचा सराव घेऊन दाखवायचा होता, म्हणून मैदान पायाखाली घालण्याजोगं करायला हवं होतं. धाकटे सर घमेल्यानं माती आणत आणि मोठे सर उकिडवे बसून ती भेगेत लोटत, मुठीनं ठोकत, वरून जेमतेम ओंजळभर पाणी शिंपडत. धुळीनं दोघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. उठताना मोठ्या सरांचा गुडघा कट्कन वाजायचा. मुलगा हात पुढे करायचा आणि बाप घमेल्याचा काठ धरून उठायचा. सून चहा घेऊन गेली तेव्हा दोघं दोन भेगांवर पाठीला पाठ लावून बसले होते.

"उद्याला होईल ना सगळं?" तिनं मुद्दामच मोठ्यानं विचारलं.

"होईल," धाकटे सर म्हणाले.

मोठे सर खाकरले.

त्या दुपारी ती मशीनवर बसायला आली आणि जागच्या जागी थबकली. मशीनवर मोठ्या सरांचं जाकीट होतं.

निळं, जाड कापडाचं, छातीवर शाळेचं चिन्ह भरलेलं. ते फक्त मुख्य प्रशिक्षकानं घालायचं. एवढ्या वर्षांत सरांनी ते कुणाला धुऊ दिलं नव्हतं, इस्त्री करू दिलं नव्हतं, खुंटीवरून काढून दुसऱ्या खुंटीवर टांगूसुद्धा दिलं नव्हतं. आता ते तिच्या मशीनवर घडी घालून ठेवलेलं होतं. आणि चिन्ह वर होतं. नंबर वर असतो तसं.

 ती तशीच स्टुलावर टेकली आणि तिनं त्या चिन्हावरून बोट फिरवलं. बोलले सासरे. अखेर बोलले, आपल्या भाषेत बोलले. उद्या मुलगा खेळणार. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि घरात ती एकटीच असल्यामुळे तिनं दोन्हीही आवरलं नाही.

पण मोठे सर खांद्यानं आडवे, हातांनी लांब. धाकटे सर आईवर गेलेले, अंगानं बेताचे. हे जाकीट घालून तो मुलाखतीला गेला तर बापाचे कपडे घालून शाळेच्या नाटकात उभा राहिल्यासारखा दिसेल. तिनं कात्री घेतली. क्षणभर थांबली, विचारून यावं का म्हणून. विचारायचं काय त्यात? चिन्ह वर होतं. तिनं दोन्ही बाह्या चार-चार बोटं कापल्या, बाजूच्या शिवणी आत घेऊन जादाचं कापड कातरून टाकलं, खांदे उतरवून पुन्हा बसवले. टाके असे बारीक घातले की शोधून सापडू नयेत. मग ओल्या फडक्यानं पुसून, इस्त्री फिरवून, तिनं जाकीट बाहेरच्या खोलीतल्या खुंटीवर टांगलं. नवऱ्याला सांगितलं नाही. सकाळी त्यानं ते बघावं आणि त्याचा चेहरा आपण बघावा, एवढी हौस तिनं स्वतःसाठी ठेवली.

सकाळी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा मोठे सर अंगात जाकीट घालत होते.

दाढी गुळगुळीत केलेली. बूट चमकवलेले. एक हात बाहीत गेला होता, दुसरा घालायचा प्रयत्न चालला होता आणि पाठीवरचं कापड ताणून करकरत होतं. त्यांनी दुसरा हातही आत कोंबला. मग हात खाली सोडले. दोन्ही मनगटं आणि त्यांच्यावरचा चार बोटं केसाळ हात उघडा राहिला. बटणं काजांकडे तोंड करून थांबली, जवळ येईनात. सर आपल्या मनगटांकडे बघत राहिले, जणू हातच एका रात्रीत वाढले होते.

"बाबा," सून म्हणाली. 

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग मशीनकडे. मशीनखाली दोन निळे पट्टे पडले होते, बाह्यांचे.

तेवढ्यात धाकटे सर आतल्या खोलीतून आले, इस्त्रीचा सदरा घालून, केस पाण्यानं बसवून. त्यांनी बापाचे बूट पाहिले, दाढी पाहिली, जाकीट पाहिलं. बाप कुठे निघाला आहे हे कळायला त्यांना काही विचारावं लागलं नाही.

"तुम्ही," धाकटे सर म्हणाले, "तुम्ही पण?"

"वयाची अट नाही म्हणाले जाहिरातीत," मोठे सर म्हणाले. आणि लगेच, "तू कुठे चाललास?"

 बापाला ठाऊक नव्हतं. मुलाला ठाऊक नव्हतं. एका पत्र्याखाली राहून, एका ताटलीतलं मीठ खाऊन, काल एकाच मैदानाच्या भेगा बुजवून दोघांनी एकाच जागेसाठी अर्ज केला होता आणि दोघांनाही कल्पना नव्हती. जाकीट फक्त टाके बघायला ठेवलं होतं. मुलाखत म्हणून जरा साफ करून हवं होतं, बस्स. आणि तिनं ते कापून ठेवलं होतं.

"मला वाटलं, तुम्ही यांच्यासाठी..." ती म्हणाली. "चिन्ह वर होतं, बाबा."

मोठे सर खाकरले नाहीत. दारही आपटलं नाही. उघड्या मनगटांनी तसेच बाहेर पडले. धाकटे सर थोडा वेळ थांबून त्यांच्या मागून गेले. मैदानावरून दोघं चालत होते, एक पुढे, एक मागे, नेहमीसारखे.

तिला घरात बसवेना. खेळाचं सामान ठेवायची खोली मुख्याध्यापिकांच्या खोलीला लागून होती आणि मधली भिंत छतापर्यंत पोचलेली नव्हती. हवा भरायचा पंप आणायचाय अशी स्वतःचीच समजूत घालून ती त्या खोलीत शिरली आणि जुन्या जाळ्यांच्या ढिगाऱ्यावर बसली. रबराचा आणि उंदरांचा वास येत होता. पलीकडे खुर्च्या सरकत होत्या.

आधी मोठे सर. प्रश्न बरेच झाले, उत्तरं थोडी. मग मुख्याध्यापिकांचा आवाज आला, जरा संकोचलेला. "सर, हा प्रश्न आम्ही सगळ्यांनाच विचारतोय. तुम्हाला नाही घेतलं, तर हे काम कोण करू शकेल असं वाटतं?"

 सून अंगाचे कान करून बसली होती. आता म्हणतील. आता तरी म्हणतील.

"कोणी नाही," मोठे सर म्हणाले.

तिच्या तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. तिनं जाळीचा दोर मुठीत आवळून धरला. पलीकडे दार उघडलं, मिटलं, बाहेरगावहून आलेल्या एका बाईची मुलाखत झाली, त्यातलं तिला एक अक्षर कळलं नाही. मग तिच्या नवऱ्याचा आवाज आला.  तोच प्रश्न. तुम्ही नाही, तर कोण?

तिचा नवरा विचारसुद्धा करायला थांबला नाही.

"बाबा," तो म्हणाला. "दुसरं कोण असणार?"

ती पंप न घेताच घरी आली. मशीनखालचे निळे पट्टे तसेच पडले होते. ते उचलून तिनं डब्यात टाकले, पुन्हा काढले, पुन्हा टाकले.

संध्याकाळी सगळी शाळा मैदानाच्या कडेला जमली. मोठे सर तेच जाकीट घालून आले. घरी येऊन बदलता आलं असतं, पण नाही. त्यांची मनगटं बघून मागच्या रांगेतली पोरं फिसकन हसली, आणि सुनेला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. तशा भेगा होत्याच, पण काल बुजवल्या होत्या.

सरांनी शिट्टी वाजवली आणि हसणारी पोरं चिडीचूप झाली. मग पुढे जे झालं त्यानं सुनेलाच धक्का बसला. एवढी वर्षं ती या मैदानाच्या कडेला राहिली, पण भांडी घासताना, जर्सी वाळत घालताना. उभं राहून बघितलं असं आजच. एका शिट्टीवर पोरं पसरत होती, दुसरीवर मिटत होती. सर बोट दाखवायचे तिथे चेंडू जायचा. त्या कोरड्या, ठणठणीत जमिनीवर चेंडू वेडावाकडा उसळत होता तरी पोरांच्या पायांना बरोबर सापडत होता. कुणी एक शब्द बोलत नव्हतं. म्हातारा चांगला होता. खरोखर चांगला होता. तिला ते बघवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती.

मग धाकट्या सरांची पाळी आली. ते मैदानात गेले आणि त्यांनी शिट्टीसाठी हात पुढे केला. शाळेची शिट्टी एकच होती. मोठ्या सरांनी तो हात पाहिला की नाही कोण जाणे. सवयीनं त्यांनी शिट्टी जाकिटाच्या खिशात टाकली आणि बाकावर जाऊन बसले. सगळ्या शाळेसमोर धाकट्या सरांचा हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग तो त्यांनी मागे घेतला आणि त्याच हातानं टाळी वाजवली. "चला रे, चला." पोरं त्यांच्यावर जीव टाकत, म्हणून पळाली. पण मध्येच एकाच्या बुटाची नाडी सुटली आणि धाकटे सर सगळं सोडून वाकून ती बांधायला लागले. बांधली. उठले. काय चाललं होतं ते बहुधा विसरले. चेंडू एका बाजूला गेला, पोरं दुसरीकडे. टाळ्या वाजवून वाजवून त्यांचे तळवे लाल झालेले सुनेला लांबून दिसत होते.

शेवटी ती बाहेरगावची बाई. उंच, काटकुळी, गुडघ्यावर जुन्या टाक्यांची खूण. गळ्यात स्वतःची शिट्टी होती, ती तिनं वाजवलीच नाही. पोरांना गोळा करून म्हणाली, "एकच नियम. ज्याला चेंडू द्यायचा त्याला हाक मारायची. हाक न मारता दिला तर चेंडू दुसऱ्यांचा."

पोरांची दातखीळच बसली. चेंडू पायात घेऊन उभी. हाक मारायची म्हणजे काय करायचं, हेच कळेना. दोन-तीन वेळा चेंडू दुसऱ्यांना गेला. मग उंच गोलकीपर, ज्याचा आवाज बारसं झाल्यापासून कुणी ऐकला नव्हता, तो ओरडला, "उंट्या!" त्याला स्वतःलाच उंट्या म्हणत, त्यामुळे सगळे खो खो हसले. "स्वतःला काय हाक मारतोस रे?" "ए भोपळ्या, घे!" "मागे बघ, मागे, टिल्ल्या!" "इकडे! इकडे मी आहे!" बघता बघता मैदानावर बाजार भरला. पोरं घसा ताणून ओरडत होती, हसत होती, चुकत होती, चुकलेल्याला शिव्या घालून पुन्हा त्यालाच हाक मारत होती. सुनेच्या अंगावर काटा आला. या मैदानावर एवढा आवाज तिनं फक्त त्या पोराचा पाय मोडला तेव्हाच ऐकला होता.

बाकावर मोठे सर ताठ बसले होते. पोरांचा आवाज वाढत गेला तसा त्यांचा चेहरा राखेसारखा होत गेला.

मुख्याध्यापिकांनी फार ताणलं नाही. दिवस मावळायच्या आत त्या पुढे आल्या, दोन वाक्यं मोठ्या सरांच्या सेवेबद्दल बोलल्या, आणि त्या बाईचं नाव घेतलं.

"काय?" मोठे सर म्हणाले.

मुख्याध्यापिकांनी पुन्हा सांगितलं.

"काय?" सरांनी पुन्हा विचारलं. कानानं ते चांगले होते.

 पहिली टाळी वाजली ती धाकट्या सरांची. लाल झालेल्या त्याच तळव्यांनी ते टाळ्या वाजवत होते. मग सगळ्यांनी वाजवल्या. गर्दी पांगताना मुख्याध्यापिका सुनेजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, खोल्यांची घाई नाही, परीक्षा होईपर्यंत राहा, आणि धाकटे सर सहायक म्हणून आहेतच. सुनेनं मान डोलावली. परीक्षा होईपर्यंत म्हणजे किती थोडं, हे तिच्या डोक्यात घरी पोचल्यावर शिरलं.

घरी तिनं भात लावला. निरोपाचं घड्याळ भिंतीवर टिकटिकत होतं. मोठ्या सरांनी जाकीट काढून खुंटीला टांगलं आणि जेवायला बसले. धाकटे सर बसले. तिनं वाढलं. दोघांनी खाली मान घालून कालवायला सुरुवात केली. हे असंच जाणार होतं. उद्या खोल्या जातील, परवा सामान गाडीत चढेल, आणि गाडीतही हे दोघे पाठीला पाठ लावून बसतील. 

"उद्याच्या जर्सी कशा लावू?" तिनं विचारलं.

दोघं कालवत राहिले.

"आज मी सामानाच्या खोलीत बसले होते," ती म्हणाली. "मुलाखती चालू असताना. सगळं ऐकू येतं तिथे."

नवऱ्यानं मान वर केली. "राहू दे ना."

"नाही राहू देणार. एवढी वर्षं राहूच दिलं. या घरातलं एक अक्षर मी कधी बाहेर काढलं नाही, आणि आतही नाही." ती थांबत नव्हती. "दोघांनाही त्यांनी एकच विचारलं. तुम्ही नाही तर कोण? हे म्हणाले, 'बाबा'. दुसरं कोण असणार, म्हणाले. हातातली जागा घालवून म्हणाले. आणि बाबा, तुम्ही म्हणालात, कोणी नाही."

धाकट्या सरांचा घास हातातच राहिला. त्यांनी बापाकडे पाहिलं नाही. ताटाकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरत गेलं. एवढी वर्षं लग्न होऊन तिनं तो चेहरा कधी बघितला नव्हता. आपण काय करून बसलो, म्हणून ती घाबरली.

मोठे सर उठले. उष्ट्या हातानंच खुंटीपाशी गेले, जाकीट काढलं, चिन्ह वर येईल असं धरलं आणि मुलाच्या अंगावर फेकलं.

ते त्याच्या खांद्यावर पडलं. एक बाही ताटात गेली. याचा अर्थ या घरात कुणाला सांगायची गरज नव्हती. अंगावर पडली तो आत.

धाकट्या सरांनी बाही ताटातून उचलली, बोटानं तिचा भात निपटला, आणि जाकीट बाजूला जमिनीवर ठेवलं.

"तोंडानं सांगा, बाबा," ते म्हणाले.

 मोठ्या सरांनी दाराकडे पाहिलं. आता जातील, आता दार लागेल, आणि संपेल सगळं. पण ते गेले नाहीत. खाकरायला गेले तर खाकरणंही नीट निघालं नाही. उष्टा हात पुढे धरून ते उभे राहिले, लांब मनगटांचे, आणि अचानक फार म्हातारे दिसले.

"मला सोडवेना," ते म्हणाले. "एवढंच. तू काही कमी आहेस म्हणून नाही. मैदान सोडवेना." ते थांबले. मग भिंतीकडे तोंड करून, पुटपुटल्यासारखं काहीतरी म्हणाले.

"काय?" धाकट्या सरांनी विचारलं. त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं.

"तू होतास," मोठे सर म्हणाले, मैदानाच्या पलीकडच्या गोलपर्यंत जावं इतक्या मोठ्यानं. "त्यांनी विचारलं तेव्हा मनात तू होतास. मला म्हणवलं नाही."